हे विकायचं नाही

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेत एका गाण्याची नोंद आहे. गाणं मार्च १८९० मधलं, मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केलेलं, दोन-तीन मिनिटांत संपणारं. नोंद वाचत खाली आलं, की हक्क आणि वापर यांबद्दलचा मजकूर असतो तिथे तीन लहान चिन्हं भेटतात. प्रत्येक चिन्हाला एक नाव आहे : एलिहतासिक, एकेहकिमकेवेय, मा युत मोनुवासिव. भाषा पासामाक्वॉडी. (हे उच्चार मी रोमन अक्षरांवरून लिहिले आहेत, त्या भाषेतल्या माणसाच्या तोंडी काही व्यंजनं याहून मऊ येतात.)

मी ही नोंद पहिल्यांदा उघडली ती गाणं ऐकायला. गाणं ऐकायचं राहिलं आणि या तीन नावांपाशीच संध्याकाळ गेली. रसग्रहण आपण अभंगाचं करतो, कवितेचं करतो. ग्रंथालयातली नोंद हा काही साहित्यप्रकार नव्हे. नोंद भरली जाते. ही मात्र लिहिलेली नोंद आहे. तिच्यातले शब्द तोलून निवडलेले आहेत, कोण बोलतंय आणि कुणाशी बोलतंय याचा विचार त्यांत आहे. कवितेपाशी थांबावं तसं तिच्यापाशी थांबावंसं वाटलं.

आधी गाण्याबद्दल सांगते. पासामाक्वॉडी हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्याकडे राहणारे मूलनिवासी लोक. सिपायिक आणि इंडियन टाउनशिप या त्यांच्या दोन वस्त्या; काही लोक सीमेपलीकडे कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्येही आहेत. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला पेस्कोतोमुहकाती म्हणतात, म्हणजे पोलॉक मासा भाल्याने टिपणारे. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हा संशोधक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेनमधल्या कॅलस या गावी आला. मूळचा तो सागरी प्राण्यांचा अभ्यासक. पुढे मानववंशशास्त्राकडे वळला. मेरी हेमेनवे या धनिक बाईंच्या पैशावर निघालेल्या मोहिमेतून त्याला नैऋत्येकडच्या झुनी लोकांकडे जायचं होतं. त्याआधी हे नवं यंत्र घराबाहेर, लोकांत नेऊन चालतं का, हे त्याला पाहायचं होतं. म्हणून कॅलस. नोएल जोसेफ्स आणि पीटर सेल्मोर या पासामाक्वॉडी पुरुषांनी यंत्राच्या कर्ण्यात गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, अंक मोजून दाखवले, वारांची नावं सांगितली. त्यांतली ३१ नळकांडी आज शिल्लक आहेत. एखाद्या समाजात जाऊन घेतलेली जगातली पहिली ध्वनिमुद्रणं म्हणून ती ओळखली जातात. फ्यूक्सच्या दृष्टीने ती चाचणी होती. ज्यांचे आवाज त्यात होते त्यांना यंत्राची चाचणी करायची नव्हती. ते आपली गाणी म्हणत होते. हा फरक मनात ठेवूनच पुढची नोंद वाचावी लागते.

या नळकांड्यांवर एक गाणं आहे, देवघेवीच्या नाचाचं. फ्यूक्सने त्याच वर्षी 'जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोर'मध्ये आपल्या मुद्रणांवर लेख लिहिला आणि त्यात या नाचाची रीत सांगितली. एक जण, किंवा दोघे-तिघे मिळून, दुसऱ्याच्या घरी जातात. दाराशी येऊन गाणं म्हणतात. मग त्यांच्यातला म्होरक्या गात-नाचत आत शिरतो, घरातल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवतो आणि तिची किंमत बोलतो. घरधन्याला नाही म्हणता येत नाही. एक तर ती वस्तू द्यायची, नाहीतर तिच्याच मोलाचं दुसरं काहीतरी बदल्यात द्यायचं.

हा परिच्छेद मी कितीतरी वेळा वाचला असेन. घेणाऱ्यावर त्यात किती बंधनं आहेत पाहा. त्याने आधी दाराबाहेर उभं राहायचं. आपण आलो आहोत हे गाऊन कळवायचं, म्हणजे लपूनछपून काही नाही. काय हवं ते सगळ्यांदेखत बोट दाखवून सांगायचं. आणि मोल आपल्याच तोंडाने बोलायचं. देणाऱ्याला नकाराची मुभा नाही, पण घेणाऱ्यालाही फुकट नेण्याची मुभा नाही. त्या मार्चमध्ये एक पाहुणा खरोखरच त्यांच्या दाराशी आला होता. त्याने बोट दाखवलं ते गाण्याकडे. गाणं मेणावर चढलं, पेटीत गेलं, हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात पोचलं आणि १९७० मध्ये तिथून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. ज्या घरातून ते उचललं त्या घरी निदान नव्वद वर्षं त्याच्या मोलाचं काही परत आलं नाही.

जुन्या नोंदीत या गाण्याचं नाव इंग्रजीत होतं, नळकांड्याच्या डबीवर जे लिहिलं होतं त्यावरून घेतलेलं. आता त्याच्या जोडीला पासामाक्वॉडी नाव आहे, एसुनोमावोतुल्तिने, आणि त्याचा अर्थ होतो : चला, आपण एकमेकांत देवघेव करू. इथे मराठी वाचकाला एक गोष्ट इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आम्ही जेवतो' म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो; 'आपण जेवू' म्हटलं की त्याचं पान मांडलं जातं. पासामाक्वॉडीतही हा भेद आहे. 'नीलुन' म्हणजे आम्ही, 'कीलुन' म्हणजे आपण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. त्या शीर्षकातलं 'चला' हे आपणवालं आहे. ऐकणाऱ्याला धरून केलेलं आमंत्रण आहे. 'देवघेवीच्या नाचाचं गाणं' हे बाहेरून चिकटवलेलं वर्णन झालं. एसुनोमावोतुल्तिने हे गाण्यातून आलेलं बोलणं आहे. शीर्षक बदललं तेव्हा नोंदीतलं सर्वनामही बदललं. आधी तिथे 'ते' होते, म्हणजे ते लोक असा नाच करतात, ते लोक असं गातात. आता तिथे कुणीतरी 'आपण' म्हणतंय.

आणि खालच्या तीन चिन्हांत 'आम्ही' बोलतात.

पहिलं चिन्ह एलिहतासिक. या चिन्हांची जी सर्वसाधारण योजना आहे तिच्यात याचं काम श्रेय देण्याचं. म्हणजे जो कुणी हे मुद्रण वापरेल त्याने योग्य नाव सांगावं. कधी गाणाऱ्याचं नाव, कधी समाजाचं, कधी जमात म्हणून असलेलं अधिकृत नाव. पण पासामाक्वॉडींनी त्याला स्वतःचं नाव देताना श्रेय या अर्थाचा शब्द निवडला नाही. एलिहतासिक म्हणजे 'हे कसं केलं जातं'. मराठीत याला नेमका शब्द आहे : रीत. श्रेय देणं हा उपकार वाटू शकतो, कायद्याची अटही वाटू शकते. रीत ही त्याहून साधी आणि जास्त घट्ट गोष्ट. घरात आल्यावर चपला बाहेर काढतात, तसं गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव घेतात. असंच केलं जातं. एवढ्या एका शब्दात त्या लोकांनी ग्रंथालयशास्त्रातली एक रुक्ष बाब आपल्या घरात आणून बसवली. नोंदीतला मला सर्वांत आवडलेला शब्द हाच.

आणि तो बोचलाही. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात मी डहाणूकडच्या पाड्यांवरची छायाचित्रं असलेलं एक पुस्तक पाहिलं होतं. छायाचित्रकाराचं नाव, मुद्रकाचं नाव, प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव, सगळं होतं. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बाईच्या छायाचित्राखाली दोनच शब्द होते : वारली स्त्री. तिचा हात, तिच्या बोटांना लागलेलं तांदळाचं पीठ, सगळं स्पष्ट दिसत होतं. नाव विचारायला कुणाला किती वेळ लागला असता? आपल्याकडे याच्या उलट उदाहरणही आहे, ते सांगायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून घेतलं. 'लोकगीत' म्हणून सोडून दिलं नाही. एलिहतासिक या शब्दाची ओळख नसताना पाळलेलं एलिहतासिक ते हेच.

दुसरं चिन्ह एकेहकिमकेवेय, म्हणजे शिकवण्याचं, शिक्षणासाठीचं. जमातीच्या लोकांनी ज्या गोष्टी त्यासाठी निवडल्या आहेत त्या शाळेत, वर्गात वापरायला हरकत नाही, असं ते सांगतं. या चिन्हावर मी फार वेळ काढणार नाही, पण त्याच्या मजकुरातलं एक वाक्य सोडवत नाही. पासामाक्वॉडी हा आजचा, हयात असलेला समाज आहे आणि आपल्या वारशावरचा अधिकार त्याच्याकडेच आहे, असं तिथे म्हटलं आहे. कुठल्या मराठी ग्रंथाच्या नोंदीत 'मराठी लोक आजही आहेत' असं लिहावं लागतं? या लोकांना ते लिहावं लागलं, कारण शंभर वर्षं संग्रहालयांच्या आणि ग्रंथालयांच्या पाट्यांवर त्यांची क्रियापदं भूतकाळात होती. मासे धरत असत, नाचत असत, गात असत. 'होते'च्या जागी 'आहेत' आणणं, एवढंच हे वाक्य करतं.

तिसऱ्या चिन्हाचं नाव मी या लेखाला घेतलं आहे. मा युत मोनुवासिव. 'मा' म्हणजे नाही, 'युत' म्हणजे हे. हे विकलं जात नाही. संस्कृतातला निषेधाचा 'मा' आपल्या कानांना ओळखीचा, म्हणून इथे क्षणभर घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. अर्थात हा निव्वळ योगायोग आहे. शब्दाचं वळण बघण्यासारखं आहे. 'विकू नका' अशी ती ताकीद नाही. 'परवानगीशिवाय विक्री केल्यास' अशी धमकीही नाही. ते विधान आहे. देव्हाऱ्यातली घंटा विकत नाहीत, आजीचं जातं विकत नाहीत. त्यासाठी कुणी पाटी लावत नाही, ते विकायचं नसतं एवढंच. मराठीत 'विकायचं नाही' म्हटलं की तो सूर बरोबर उतरतो.

आता हे चिन्ह जेव्हा नेमकं देवघेवीच्या गाण्याच्या नोंदीखाली येतं, तेव्हा वाचणारा थबकतो. वर गाणं म्हणतंय, चला, देवघेव करू. खाली लिहिलंय, हे विकायचं नाही. यात विसंगती शोधायला गेलो तर हाती काही लागणार नाही. देवघेव आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती नोंद सांगते. देवघेवीत दोन्ही घरं उभी राहतात, दार दोन्हीकडून उघडतं, आणि उद्या तो घरधनी गात गात तुमच्या दाराशी येऊ शकतो. विक्रीत वस्तू गेली की नातं संपतं. पासामाक्वॉडींनी ध्वनिमुद्रण सगळ्यांना ऐकायला दिलं आणि त्याचा बाजार करायला नकार दिला. ज्या नियमाने ते गाणं चालतं त्याच नियमाने त्यांनी गाण्याची नोंद चालवली. एखाद्या चांगल्या कवितेत आशय आणि घाट एक होतात म्हणतात, ते मला इथे, वापराच्या अटींच्या रकान्यात, दिसलं.

हे एका रात्रीत झालं नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरने १९७९ मध्ये मेणाच्या नळकांड्यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला; तिथे अशी सुमारे दहा हजार नळकांडी होती. मेणावरची रेघ प्रत्येक वेळी सुई फिरली की थोडी झिजते, म्हणून आधी सगळं टेपवर उतरवून घेणं भाग होतं. १९८० च्या दशकात त्यातून कॅसेटी तयार करून मूळ समाजांना पाठवण्यात आल्या. पासामाक्वॉडींनाही त्या मिळाल्या. पण त्या कॅसेटींवर खरखर इतकी होती, की तापलेल्या तव्यावर पाणी तडतडावं आणि त्यामागून कुणीतरी लांबून हाक मारावी, असं ऐकू यायचं. शब्द हाती लागत नव्हते. पुढे नव्या यंत्रांनी तीच नळकांडी पुन्हा वाजवून संगणकावर उतरवली गेली, आवाज बराच मोकळा झाला. यानंतर ग्रंथालयाने जे केलं ते महत्त्वाचं. साफ केलेला आवाज त्याने आधी जगाला ऐकवला नाही, पासामाक्वॉडींना ऐकवला. त्यांच्यातल्या जाणत्यांनी बसून ऐकलं, कोणतं मुद्रण सर्वांसाठी खुलं करायचं आणि कोणतं आपल्यातच ठेवायचं ते ठरवलं. ड्वेन टोमा यांच्यासारख्या भाषा राखणाऱ्या माणसाने पुन्हा पुन्हा ऐकून एकेक शब्द सोडवला, लिहिला, त्याचा अर्थ लावला. जमातीचे इतिहासकार डॉनल्ड सॉक्टोमा यांनी या कामाला आधार दिला. मग २०१८ मध्ये ही तीन चिन्हं लावलेली नोंद लायब्ररीच्या संकेतस्थळावर आली.

या चिन्हांची योजना जेन अँडरसन आणि किम ख्रिस्टन यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'लोकल कॉन्टेक्स्ट्स' या उपक्रमातली. तिचा एक नियम मला फार नेमका वाटतो. असं चिन्ह फक्त त्या समाजालाच लावता येतं. ग्रंथालयाची कितीही इच्छा असो, त्याने समाजाच्या वतीने ते चिकटवायचं नाही. संग्रहात अपुरी माहिती आहे, आम्ही सहकार्याला तयार आहोत, एवढी सूचना ग्रंथालय देऊ शकतं. पुढचं वाक्य ज्याचं त्यानेच बोलायचं. नोंदीत 'आम्ही' कुठून आले, ते इथे कळतं. पासामाक्वॉडींचं स्वतःचं संकेतस्थळ 'मुकुर्तु' या प्रणालीवर उभं आहे, आणि त्या नावाची कुळकथाही याच जातीची. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांच्या भाषेत मुकुर्तु म्हणजे मोलाच्या वस्तू जपून ठेवायची विणलेली झोळी. झोळी जाणत्यांकडे असते. तरुणांनी नीट वागून, विचारून तिच्यातलं ज्ञान घ्यायचं.

इथे माझ्यातल्या जुन्या वाचकाला एक प्रश्न पडतो आणि तो टाळून चालणार नाही. आपण सगळे रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या नियमांवर वाढलो. ग्रंथ वापरासाठी असतात, कुलुपात ठेवण्यासाठी नाहीत, हे १९३१ मध्ये त्यांनी सांगितलं तेव्हा आपल्याकडे जातीच्या आणि पैशाच्या कुलपांनी किती कपाटं बंद होती हे आपल्याला ठाऊक आहे. मग एखाद्या समाजाने 'हे फक्त आमच्यात' म्हटलं, तर ते नवं कुलूप नाही का? बराच विचार करून मी या उत्तराशी आले : किल्ली कुणाकडे होती ते बघायचं. ज्यांना कधी शिरू दिलं नाही त्यांनी दार उघडायला लावणं वेगळं, आणि ज्यांचं घर होतं त्यांच्या हाती किल्ली परत देणं वेगळं. रंगनाथनांचा वाचक पुस्तकाच्या शोधात येतो. पासामाक्वॉडी माणूस आपल्या पणजोबांच्या आवाजाच्या शोधात येतो. दोघांनाही 'या' म्हणण्याची तऱ्हा एक असू शकत नाही.

या चिन्हांना कायद्याचं बळ नाही.   कायद्याने मुद्रण करणाऱ्याकडे पाहिलं, गाणाऱ्याकडे पाहिलं नाही. त्या कायद्यापुढे उभी आहेत ही तीन नावं, दुसऱ्या कुठल्याही आधाराशिवाय. आणि मूळ नळकांडी अजूनही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच आहेत. घरी गेला तो आवाज, मेण नव्हे. हे काम पुरं झालं असं म्हणायला मी तयार नाही. पण अमेरिकेतल्या अभिलेखपालांच्या राष्ट्रीय संघटनेला मूलनिवासींच्या कागदपत्रांबाबतची आचारसंहिता मान्य करायला २००६ ते २०१८ अशी बारा वर्षं लागली, हे आठवलं की त्याच २०१८ साली आलेल्या या छोट्याशा नोंदीची किंमत कळते.

गाणं मी शेवटी ऐकलं. खरखर अजून आहे, आणि तिच्यातून एक पुरुषी आवाज ठाम लयीत येतो, दाराशी उभं राहून गावं तसा. तुम्हीही ऐका, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पासामाक्वॉडी मुद्रणं शोधलीत तर मिळतील. एवढंच करा : आवाज सुरू करण्याआधी खाली जाऊन ती तीन नावं वाचा, आणि दुसऱ्या कुणाला ऐकवाल तेव्हा सांगा, की ही मुद्रणं नोएल जोसेफ्स आणि पीटर सेल्मोर यांच्या आवाजातली आहेत, आणि ती पासामाक्वॉडी लोकांची आहेत.